गाईचं वजन आणि गणिताचा तास: पाबळच्या प्रयोगाचा एक प्रकरण अभ्यास

राजगुरुनगरहून शिरूरच्या रस्त्याला लागलं की पाबळ येतं. पुणे जिल्ह्यातल्या बहुतेकांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे माहीत आहे. शिक्षणात वावरणाऱ्यांना ते विज्ञान आश्रमामुळे आणि तिथून निघालेल्या एका शालेय विषयामुळे माहीत असतं. विषयाचं नाव ‘मूलभूत तंत्रज्ञान’, शाळांच्या रोजच्या बोलण्यात ‘आयबीटी’, म्हणजे इंट्रोडक्शन टू बेसिक टेक्नॉलॉजी. आठवी ते दहावीच्या मुलांनी आठवड्यातला एक दिवस पुस्तकं बाजूला ठेवून हातानं काम करायचं. ते काम गावातल्या कुणाच्या तरी उपयोगी पडलं पाहिजे, आणि ते करता करता विज्ञान, गणित, भूगोल, हिशोब असं सगळं शिकून झालं पाहिजे. आंतरविद्याशाखीय प्रकल्पाधारित शिक्षण या भारदस्त नावानं हल्ली ज्याच्या कार्यशाळा भरतात, ते इथे ऐंशीच्या दशकापासून चालू आहे. तेही मराठी माध्यमाच्या, पत्र्याच्या शेडवाल्या, साध्यासुध्या शाळांमध्ये.

मी गणित शिकवतो. त्यामुळे या प्रयोगाकडे पाहताना माझा प्रश्न थोडा स्वार्थी आहे: या शेडमध्ये गणित खरोखर येतं का, आणि आलं तर ते पुन्हा वर्गात परत जातं का? पहिल्या भागाचं उत्तर माझ्या मते ठाम ‘हो’ आहे. दुसऱ्या भागाशी आलं की गाडी अडते, आणि तिथेच हे प्रकरण अभ्यासण्यासारखं आहे.

आश्रम, शेड आणि आठवड्याचा एक दिवस

डॉ. श्रीनाथ कलबाग अन्नतंत्रज्ञानातले शास्त्रज्ञ. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी., मग म्हैसूरच्या सीएफटीआरआय या केंद्रीय अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्थेत काही वर्षं, त्यानंतर मुंबईत हिंदुस्तान लीव्हरच्या संशोधन केंद्रात. पन्नाशी ओलांडल्यावर नोकरी सोडून १९८३ साली त्यांनी पाबळला विज्ञान आश्रम सुरू केला, पुण्याच्या भारतीय शिक्षण संस्थेचं केंद्र म्हणून. भाग पर्जन्यछायेतला, शेती पावसाच्या भरवशावर. म्हणजे इथे जमलं तर ते सोयीसुविधांमुळे जमलं असं कुणी म्हणू नये, अशी जागा.

सुरुवात शाळा सोडलेल्या मुलांपासून झाली. शाळेत ‘ढ’ ठरलेली मुलं वेल्डिंग, गवंडीकाम, मोटारदुरुस्ती भराभर शिकतात, मग दोष मुलांचा की शिकवण्याच्या पद्धतीचा, हा साधा सवाल होता. त्यातून एक वर्षाचा निवासी अभ्यासक्रम उभा राहिला. त्याला पुढे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची मान्यता मिळाली. त्याच विचाराची आठवड्याला एक दिवसाची आवृत्ती माध्यमिक शाळेत नेली, ती म्हणजे आयबीटी.

आश्रमाची म्हणून ओळखली जाणारी कामं बरीच आहेत. भूगर्भातलं पाणी शोधायला लागणारं विद्युतरोधमापक यंत्र, लोखंडी सांगाड्यावर फेरोसिमेंट, म्हणजे जाळीवरचा सिमेंटचा पातळ थर, चढवून केलेली घुमटाकार घरं, म्हणजे ‘पाबळ डोम’. २००२ साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू बनवण्याची कार्यशाळा, उभी राहिली ती याच गावात. कलबाग २००३ साली गेले. त्यांच्या पश्चात काम थांबलं नाही. पुढच्या काळात लेंड-अ-हँड इंडियासारख्या संस्थांच्या मदतीनं हा विषय शंभराहून अधिक शाळांत पोचला, आणि नंतर सरकारी कौशल्य आराखड्यात ‘मल्टी स्किल’ या नावानं बसला.

विषयाची रचना थोडक्यात सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, शेती-पशुपालन आणि गृह-आरोग्य. मुलं गटागटानं चारही विभागांतून फिरतात. मुलींनी चिक्की आणि मुलांनी वेल्डिंग अशी वाटणी चालत नाही. सगळ्यांनी सगळं करायचं. शिकवायला बहुधा गावातलाच कारागीर किंवा आयटीआय, शेती पदविका केलेला माणूस असतो. त्याला ‘निदेशक’ म्हणतात. केलेल्या कामाचा खर्चाचा तक्ता मांडायचा: माल किती, वीज किती, मजुरी किती, घसारा किती. बाहेरच्या कुणाचं काम असेल तर त्याचे पैसे घ्यायचे.

शेवटची अट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. पैसे घेतले की काम परत येऊ शकतं. खिडकीची ग्रिल चौकटीत बसली नाही तर ती घरमालक शाळेत आणून टाकतो आणि चार गोष्टी ऐकवून जातो. इतर शाळांत प्रकल्प म्हणून होणाऱ्या थर्माकोलच्या ज्वालामुखीबद्दल अशी तक्रार घेऊन कुणी कधी आलं नाही. २०१८ ला थर्माकोलवर बंदी आली तेव्हा ज्वालामुखी पुठ्ठ्याचे झाले, एवढाच फरक. स्टेशनरीच्या दुकानात बांधून मिळणाऱ्या प्रोजेक्टच्या वह्या तर वेगळ्याच. त्या मुलं विकत घेतात, पालक सजवतात आणि शिक्षक न उघडता सही करतात.

हे नवीन नाही

वर्ध्याला ऑक्टोबर १९३७ मध्ये गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिथून नई तालीम निघाली. एखादा उद्योग मध्यभागी ठेवून त्याच्याभोवती भाषा, गणित, समाजशास्त्र गुंफायचं, याला त्या काळचे शिक्षक समवाय म्हणत. टकळीवर सूत काततानाच कापसाचा भूगोल, सुताच्या गुंड्यांचा, म्हणजे लडींचा, हिशोब आणि मँचेस्टरचा इतिहास. पुढे कोठारी आयोगानं (१९६४-६६) कार्यानुभवाची शिफारस केली. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक होते, आणि विज्ञान आश्रम ज्या संस्थेचं केंद्र आहे ती भारतीय शिक्षण संस्था त्यांनीच स्थापन केलेली. ही सलग साखळी आहे. पाबळला काही आकाशातून पडलं नाही.

कार्यानुभवाचं पुढे काय झालं ते आमच्या पिढीनं पाहिलंय: पुठ्ठ्याची फोटोफ्रेम, क्रेप कागदाची फुलं, आणि वर्षाच्या शेवटी वर्गशिक्षकांनी एका बैठकीत भरून टाकलेल्या श्रेणी. वेळापत्रकात तास होता, पण त्या तासाला कुणाचंच काम अडलेलं नव्हतं.

एक गाय, तीन सुतळ्या

आता एक काम जवळून. शाळेचं नाव देत नाही. खेड-शिरूर पट्ट्यातली, मध्यम आकाराची शाळा. दहावीचा गट, विभाग शेती-पशुपालन, काम: टेपनं मोजून गाईच्या वजनाचा अंदाज काढणं. शाळेला लागून एका शेतकऱ्याचा गोठा आहे, मुलं त्यांना तात्या म्हणतात. गाय संकरित, दुभती, स्वभावानं बरी.

सूत्र निदेशकांनी फळ्यावर लिहून दिलेलं होतं. छातीचा घेर इंचात मोजायचा, त्याचा वर्ग करायचा, त्याला अंगाच्या लांबीनं गुणायचं आणि ६६० नं भागायचं, वजन किलोत येतं. घेर पुढच्या पायांच्या लगेच मागून घ्यायचा. लांबी खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या बाजूला वर आलेल्या हाडापर्यंत.

पहिली अडचण टेपची. मुलांनी आणलेली शिंप्याची टेप ६० इंचांची, आणि गाईचा घेर त्याहून जास्त. टेप पोटाखालून घेतली तर दोन टोकं भेटेनात. एकीनं वर्गात जाऊन सुतळी आणली. सुतळीनं घेर घ्यायचा, बोटानं खूण धरायची, मग ती जमिनीवर ताणून मोजायची. तीन गटांनी तीन सुतळ्या वापरल्या आणि तीन आकडे आले: ६३, ६५, ६८. लांबी सगळ्यांची ५३.

वजनं काढली तर ३१९, ३३९ आणि ३७१ किलो. गाय तीच. एका गटानं सुतळी आवळून धरली होती, एकाची सैल होती, आणि तिसऱ्यानं मोजत असताना गाईनं श्वास घेतला, हे त्यांचंच स्पष्टीकरण. निदेशक म्हणाले, “मधला धरा, ३४०.” काम पुढे सरकलं.

पण त्या तीन आकड्यांत दहावीचं निम्मं गणित होतं. ६३ आणि ६८ मध्ये फरक आठ टक्क्यांचा, आणि वजनात मात्र सोळा टक्क्यांहून जास्त. घेराचा वर्ग होतो म्हणून चूकही जवळजवळ दुप्पट होते. लांबी मोजताना तेवढीच टक्केवारी चुकली असती तर चूक तेवढीच राहिली असती. म्हणजे दोन मापांपैकी कुठलं जपून घ्यायचं हे सूत्राकडे नुसतं पाहून सांगता येतं. पुस्तकातल्या पन्नास उदाहरणांतून हे मुलांच्या डोक्यात शिरत नाही, कारण पुस्तकातला दंडगोल श्वास घेत नाही.

वजन कशाला हवं होतं? दोन कारणांनी. जंताच्या औषधाची मात्रा वजनावर ठरते. आणि चारा. जनावराला दिवसाला वजनाच्या साधारण तीन टक्के शुष्क पदार्थ लागतो, म्हणजे या गाईला दहा किलोच्या आसपास. हिरव्या चाऱ्यात पाणीच जास्त, शुष्क भाग विसेक टक्के. कडब्यात आणि पेंडीत नव्वदच्या घरात. तात्या रोज काय घालतात ते मुलांनी विचारलं: हिरवा चारा वीस किलो, कडबा चार, पशुखाद्य तीन. मांडलं तर ४, ३.६ आणि २.७, बेरीज १०.३.

“म्हंजे मी बरोबरच घालतोय की,” तात्या म्हणाले. “इतकं मोजून काय नवीन सांगितलंत पोरांनो?”

हा प्रश्न मला फार आवडला, कारण तो रास्त होता. गटातला एक मुलगा वरमला, पण एका मुलीनं विचारलं, “तात्या, उन्हाळ्यात हिरवा चारा नसला की मग काय घालता?” त्यावर बोलणं रंगलं: चारा विकत घ्यायचा की दूध कमी झालेलं चालवून घ्यायचं, कडब्याची पेंढी सुगीत काय भावानं मिळते आणि मे महिन्यात काय भावानं, मुरघास करून ठेवला तर? दुसऱ्या आठवड्यात गटानं लिटरमागे खर्चाचा तक्ता मांडला. चारा, पशुखाद्य, औषध, वीज, सगळे रकाने भरले. मजुरीच्या रकान्याशी येऊन गाडी थांबली. शेण काढणं, पाणी पाजणं, धार काढणं हे तात्यांच्या घरी काकू करतात. त्यांची मजुरी धरायची का? एका मुलानं सांगितलं की घरचं काम असतं, त्याची मजुरी नसते. त्यावर त्याच्याच गटातली मुलगी म्हणाली, “ग्रिल करताना तू तुझी मजुरी धरलीस, मग काकूंची का नाही?” मजुरी धरली तेव्हा दुधाचा धंदा तोट्यात गेला, नाही धरली तर थोडा नफ्यात होता. निदेशकांनी शेवटी दोन्ही आकडे लिहायला सांगितले. दहावीच्या अर्थशास्त्राच्या पानांत इतका जिवंत धडा मला तरी सापडलेला नाही.

६६० कुठून आला?

याच शाळेत, त्याच आठवड्यात, पन्नास पावलांवरच्या वर्गात महत्त्वमापन चालू होतं. दंडगोलाचं घनफळ, πr²h. फळ्यावर पाण्याची टाकी, उंची आणि व्यास दिलेला, लिटर काढा.

मुलांनी विचारायला हवा होता तो प्रश्न त्या दिवशी कुणी विचारला नाही, आणि शिक्षकांनीही नाही: भागायला ६६० च का? खरं तर उत्तराचा अर्धा भाग क्षुल्लक आहे. मूळ सूत्रात वजन पौंडात येतं आणि भाजक ३०० असतो. एका किलोत सुमारे २.२ पौंड, म्हणून ६६०. उरलेला अर्धा भाग मात्र मजेदार आहे. गाईचं धड म्हणजे आडवा दंडगोल धरा. घेर माहीत असेल तर घनफळ घेराचा वर्ग गुणिले लांबी, भागिले ४π. जनावराच्या अंगाची घनता जवळपास पाण्याइतकी धरली आणि घन इंचांचे लिटर केले, तर भाजक यायला हवा ७६७ च्या आसपास. सूत्रात ६६० आहे, म्हणजे सूत्र दंडगोलापेक्षा साधारण सोळा टक्के जास्त वजन सांगतं. हे जास्तीचं वजन कुठलं? लांबी मोजताना आपण डोकं, मान आणि पाय सोडून दिले होते. माझ्या मते तो फरक मुख्यतः त्यांचाच. ज्या सूत्राला मुलं निदेशकांचा मंत्र समजत होती, ते त्यांच्याच धड्यातल्या दंडगोलाला डोकं-पाय जोडून झालेलं निघतं.

मी हे गणित नंतर त्यांच्या गणिताच्या बाईंना दाखवलं. त्यांना ते आवडलं, त्यांनी वहीत उतरवून घेतलं. मग म्हणाल्या, “सर, पण मी आयबीटीच्या दिवशी तिकडे कशी जाणार? त्या दिवशी मला नववीचे चार तास असतात.” निदेशकांना विचारलं तर ते हसले. महत्त्वमापनाचा धडा कधी चालू असतो हे त्यांना ठाऊकच नव्हतं, आणि शिक्षकांच्या खोलीत त्यांना खुर्ची नव्हती. दोघंही आपापल्या जागी चांगलं काम करत होते. त्यांची गाठ पडावी अशी सोयच त्या शाळेत कुणी केलेली नव्हती.

जिथे शेड वर्गाला सुधारते

उलट दिशेचं एक उदाहरण देतो, म्हणजे शेड म्हणजे फक्त वर्गातल्या गणिताचा सराव असा समज होणार नाही. पाबळ डोमसारख्या, त्रिकोणांच्या जाळीनं बनणाऱ्या घुमटाचा सांगाडा घ्या. सोप्या जातीच्या अर्धगोल घुमटाला ६५ दांडे लागतात, आणि गंमत म्हणजे लांब्या फक्त दोनच: ३५ दांडे त्रिज्येच्या ०.६१८ पट, ३० दांडे ०.५४६ पट. त्रिज्या ३ मीटर धरली तर लांब दांडा १.८५ मीटर, आखूड १.६४. सगळ्यांची बेरीज ११४ मीटरच्या किंचित वर. लोखंडी अँगलचा बार ६ मीटरचा मिळतो. हुशार मुलगा भागाकार करतो: १९ पेक्षा थोडं जास्त, म्हणजे २० बार आणा.

वीस बार आणले तर काम अडणार. एका बारमधून १.६४ चे तीन दांडे निघतात, चौथ्याला ५६ सेंटिमीटर कमी पडतात. १.८५ चेही तीनच. लांब-आखूड कसेही मिसळा, एका बारमधून तीनपेक्षा जास्त निघतच नाहीत. म्हणजे ६५ भागिले ३, बावीस बार. सुमारे १८ मीटर लोखंड तुकड्यांत जातं, तीन अख्ख्या बारांएवढं. हे ज्यानं एकदा हॅकसॉ हातात घेऊन कापलंय तो भागाकारावर आंधळा विश्वास ठेवत नाही. आणि ज्याला थोडी चटक लागली तो पुढचा प्रश्न विचारतो: त्रिज्या किती घेतली तर भंगार कमी होईल? २.७४ मीटर घेतली तर आखूड दांडा दीड मीटरच्या आत येतो आणि बारमधून चार निघतात. कापताना करवतीच्या पात्याची जाडी जाते ती धरून २.७३ घ्या, असं सांगणारा मुलगा वर्गातल्या घटक चाचणीत काठावर पास झालेला असू शकतो. असे मुलगे मी पाहिलेत.

पकड कुठे सुटते

आता निवाड्याकडे येतो. पाबळचा प्रयोग टिकला याचं मोठं कारण म्हणजे तो बोर्डाच्या चौकटीत विषय म्हणून शिरला. गुण मिळाले, प्रमाणपत्रात जागा मिळाली, निदेशकांचं मानधन कुठून तरी काढता आलं. नुसता उपक्रम म्हणून राहिला असता तर मुख्याध्यापक बदलल्याबरोबर शेडला कुलूप लागलं असतं. असे किती उपक्रम आले नि गेले ते कुठल्याही जुन्या शिक्षकाला विचारा. पण विषय झाल्याची किंमतही मोजावी लागली. स्वतंत्र विषय म्हणजे स्वतंत्र शिक्षक, स्वतंत्र वही, स्वतंत्र परीक्षा, आणि बाकीच्या विषयांना त्याच्याशी काही देणंघेणं नसण्याची मुभा. सगळे विषय एकत्र आणायला निघालेली कल्पना वेळापत्रकातला आणखी एक विषय होऊन बसली. विषय एकत्र आले ते शेडमध्ये, मुलाच्या हातात आणि फार तर निदेशकाच्या बोलण्यात. शिक्षकांच्या पातळीवर ते आले नाहीत.

सॅन डिएगोतल्या हाय टेक हायशी तुलना इथे उपयोगी पडते, कारण ती शाळा नेमकी उलटी आहे. २००० साली सुरू झालेल्या या शाळेचे एक संस्थापक, लॅरी रोझेनस्टॉक, स्वतः सुतारकाम शिकवणारे होते. तिथे भाषा-समाजशास्त्राचा शिक्षक आणि गणित-विज्ञानाचा शिक्षक तीच मुलं वाटून घेतात, प्रकल्प दोघं मिळून आखतात आणि शेवटी मुलांचं काम लोकांसमोर मांडलं जातं. तिथे शिक्षकांची जोडी आधी, काम नंतर. आपल्याकडे काम आधी आलं, शिक्षकांची जोडी राहून गेली. अर्थात त्यांच्या शाळेला आपलं वेळापत्रक ठरवायची मोकळीक आहे आणि आपल्याकडे संचमान्यता, म्हणजे पटसंख्येवरून शिक्षकांची पदं ठरवून देणारी सरकारी मंजुरी, आहे, हा फरक लहान नाही.

दुसरी अडचण दिवाळीनंतर सुरू होते. दहावीचा आयबीटीचा दिवस आधी अर्धा होतो, मग जादा तासांना जातो, मग सराव परीक्षेला. मुख्याध्यापकांना दोष देण्यात अर्थ नाही. गावात शाळेची किंमत निकालाच्या टक्केवारीवर ठरते आणि पालक शेजारच्या शाळेच्या फ्लेक्सवरचे फोटो मोजून येतात.

तिसरी अडचण जुनी आहे आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. झाकिर हुसेन समितीनं नई तालीमची योजना आखतानाच सावध केलं होतं की उत्पन्नाच्या बाजूवर भर गेला तर शिक्षणाचे हेतू मागे पडतील आणि शिक्षकांचं सगळं लक्ष मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यावर राहील. गावची कामं घेणाऱ्या शेडमध्ये हा धोका कायम असतो, फक्त इतक्या ठळकपणे दिसत नाही. ग्रिलची ऑर्डर उद्या द्यायची असली की निदेशक वेल्डिंगची मशीन त्याच मुलाच्या हातात देतो ज्याचा टाका सरळ येतो. तो मुलगा वर्षभर वेल्डिंगच करतो. जी मुलगी नीट हिशोब लिहिते ती वर्षभर हिशोब लिहिते. सगळ्यांनी सगळं करायचं हा नियम कागदावर राहतो, कारण गिऱ्हाइकाला नियमाशी कर्तव्य नसतं. गिऱ्हाईक हवं, हे मी वर म्हटलंच. पण ते रोज नको. वर्षातली काही कामं बिघडली तरी चालतील अशीही असली पाहिजेत, नाहीतर ज्याला येत नाही त्याच्या हातात हत्यार कधीच पडणार नाही.

आता काय चाललंय

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं व्यवसाय शिक्षण सगळ्यांसाठी म्हटलं, सहावी ते आठवीला दप्तराविना दहा दिवस सुचवले. २०२३ च्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यानं कामाचे तीन प्रकार केले: सजीवांसोबतचं काम, यंत्रं आणि साहित्यासोबतचं काम, आणि माणसांच्या सेवेचं काम. पाबळचे चार विभाग यात जवळपास जसेच्या तसे मावतात. धोरण लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कोण होतं हा वाद सोडून द्या. मुद्दा असा की आता ही गोष्ट काही निवडक शाळांची राहणार नाही. सगळीकडे जायची आहे, आणि जाताना शिक्षकांची गाठ न घालण्याचा दोष बरोबर घेऊन जायची शक्यताच जास्त दिसते.

ज्या शाळेतल्या गाईची गोष्ट सांगितली तिथे एक छोटी युक्ती चालू झाली आहे. दहावीच्या गणितात लेखी परीक्षेच्या दोन पेपरांचे चाळीस-चाळीस गुण असतात आणि वीस गुण अंतर्गत मूल्यमापनाचे. हे वीस गुण बहुतेक शाळांत गृहपाठाच्या वहीवर दिले जातात. बाईंनी त्यातला स्वाध्यायाचा भाग आयबीटीच्या खर्चाच्या तक्त्याला जोडला. मुलानं शेडमध्ये जे काम केलं त्याचं एक पान गणिताच्या वहीत: मापं, सूत्र, चूक किती असू शकते, आणि वर्गात शिकलेली कुठली गोष्ट यात वापरली. पान निदेशक वाचतात आणि सही करतात, गुण बाई देतात. यासाठी कुठला जीआर लागला नाही, नवा तास लागला नाही. दोघांना महिन्यातून एकदा एका टेबलाशी बसावं लागतं, तेवढंच.

पहिल्या पानांत फारसा दम नव्हता. बहुतेकांनी “यात गुणाकार व भागाकार वापरला” असं लिहून दिलं. दोघा-तिघांनी मात्र सुतळीची गोष्ट लिहिली, आणि एकानं तात्यांच्या दुसऱ्या, गाभण गाईवर सूत्र लावून पाहिलं. पोट सुटलेलं असलं तरी घेर पुढच्या पायांमागे घेतल्यामुळे वजन कमीच भरतं, असं त्याचं म्हणणं होतं. ते बरोबर आहे का हे बाईंना सांगता आलं नाही, निदेशकांनाही नाही. त्यांनी त्याला पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून यायला सांगितलं.

विज्ञानाच्या शिक्षकांनी अजून हात पुढे केलेला नाही. प्रात्यक्षिकाच्या वीस गुणांना बोर्डाची ठरलेली यादी आहे, तिच्याबाहेर कसं जायचं, असा त्यांचा प्रश्न आहे आणि तो खोटा नाही. मुख्याध्यापकांनी पुढच्या वर्षी गणिताचा जोडतास आयबीटीच्या दिवशीच ठेवायचं कबूल केलं आहे. निदेशकांची नेमणूक दर वर्षी नव्यानं होते. नेमणुकीचं पत्र जूनमध्ये येतं की ऑगस्टमध्ये, यावर पहिल्या सत्रातली कामं ठरतील.